मालवणची एक घरगुती खानावळ: बाजारात जे आले तेच ताटात

मालवणच्या बाजारपेठेच्या मागे, चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या एका अरुंद पाणंदीच्या टोकाला, कौलारू घराच्या पडवीत पाच टेबले मांडलेली एक खानावळ आहे आणि गेली १९ वर्षे मी तिथे जेवत आलो आहे. कामानिमित्त मला कणकवलीहून महिन्यातून एकदा तरी मालवणला यावे लागते, आणि कामाची वेळ मी जेवणाच्या वेळेवरून ठरवतो. खानावळीचे नाव मी इथे देणार नाही. खानावळ चालवणाऱ्या काकींना मी तिच्याविषयी लिहिणार असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी हातातले काम न थांबवता एवढेच म्हटले, "लिवा, पण नाव घालू नकात. वीस माणसांच्या वर जेवाण आमका झेपाचा नाय." तो शब्द मी पाळतो आहे. मात्र मालवणच्या मासळी बाजारातल्या एखाद्या बाईकडून मासे घेता घेता दुपारी घरगुती जेवण कुठे मिळेल असे विचारले, तर ती बहुधा याच पाणंदीकडे बोट दाखवील.

खानावळ सुरू केली ती काकींच्या सासूबाईंनी. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी, आणि त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत, घरात मिळवते माणूस एकच उरल्यामुळे, सासूबाईंनी एसटीच्या चालक-वाहकांना आणि मालवणात बदलून आलेल्या नोकरदारांना दुपारचा डबा द्यायला सुरुवात केली. डब्याचे जेवण पुढे पडवीत पानावर वाढले जाऊ लागले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तारकर्ली आणि देवबागला माणसांची रीघ लागली, २०२१ मध्ये चिपीला विमानतळ सुरू झाला, आणि या सगळ्या काळात आजूबाजूच्या घरांच्या पडव्यांची हॉटेले झाली. या घराने त्या काळात तीनाची पाच टेबले केली, मागे स्वयंपाकघराला धुराडे बसवले आणि तेवढ्यावर थांबले.

जेवणाची यादी छापलेली नाही. पडवीच्या खांबाला एक काळा फळा टांगलेला आहे आणि त्यावर रोज साडेअकराच्या सुमारास त्या दिवशीचे मासे खडूने लिहिले जातात. कधी सात नावे असतात, कधी तीन. डिसेंबरातल्या एका मंगळवारी मी गेलो होतो तेव्हा फळ्यावर बांगडा, पेडवे आणि तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) एवढेच होते, आणि पर्यटकांनी भरलेल्या गावात, ऐन हंगामात, सुरमई किंवा पापलेट नसलेला फळा लावायला जी हिंमत लागते ती या घरात आहे. माझ्या मते या खानावळीचे मोठेपण हाताच्या चवीत आहेच, पण त्याच्याही आधी ते सकाळच्या खरेदीत आहे, आणि खरेदीपेक्षाही काय खरेदी करायचे नाही या निर्णयात आहे.

ही खरेदी मी दोनदा सोबत जाऊन पाहिली. काका, म्हणजे काकींचे यजमान, सकाळी सहाच्या आधी किनाऱ्यावर पोहोचतात. होड्या लागल्या की मासळीचे ढीग वाळूवर किंवा टोपल्यांत मांडले जातात आणि भोवती बायकांचे आणि व्यापाऱ्यांचे कडे पडते. लिलाव इतक्या भरभर चालतो की सवय नसलेल्या माणसाला कोणाची बोली कोणत्या ढिगावर पडली तेही कळत नाही. काका बोलीत शेवटपर्यंत उतरत नाहीत. ते आधी ढिगाच्या कडेला उकिडवे बसतात आणि एकच मासा उचलतात. त्याचा कल्ला अंगठ्याने वर करून आतला रंग पाहतात, पोटावर बोट दाबून खळगा पुन्हा भरून येतो की तसाच राहतो हे पाहतात, आणि मग मासा शेपटीच्या बाजूने हातावर आडवा धरतात. ताजा बांगडा ताठ राहतो. त्याचे डोके खाली झुकले की काका तो ढिगावर ठेवून उठतात. ही सगळी तपासणी पाच-सहा सेकंदांत होते आणि तेवढ्यावर त्या दिवशी फळ्यावर काय लिहायचे ते ठरते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली गेली असेल तर ते तिकडे आधी जातात, कारण रापणीचा मासा किनाऱ्याजवळचा असतो, जाळ्यात फार वेळ राहिलेला नसतो आणि बर्फात कित्येक दिवस काढून आलेला नसतो. हा फरक पुढे ताटात कळतो.

एकदा माझ्यासोबत पुण्याहून आलेले दोन स्नेही होते. त्यांना सुरमईच हवी होती आणि फळ्यावर सुरमई लिहिलेलीही होती. काकी आतून आल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "सुरमय लिवलेली आसा, पण ती कालची. बर्फात आसा, खराब नाय. पण तुमी लांबसून इलात. आज बांगडो फडफडीत आसा, तो खावा." स्नेह्यांनी थोडा आग्रह केल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "मी जा खावचंय नाय, ता तुमका कित्याक वाढू?" सुरमईच्या ताटाचे पैसे बांगड्याच्या ताटाच्या जवळजवळ दुप्पट होतात. ते सोडून देऊन स्वस्त मासा पुढे करणारी दुसरी खानावळ मला या किनाऱ्यावर भेटलेली नाही.

बांगड्याच्या बाबतीत तर या काटेकोरपणाला चवीपलीकडचे कारण आहे. बांगडा, तारली, कुपा यांसारख्या गडद मांसाच्या माशांना पकडल्यानंतर लगेच थंडावा मिळाला नाही तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन नावाचे द्रव्य तयार होते, आणि एकदा तयार झाले की ते शिजवून किंवा तळून नाहीसे होत नाही. तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे हे त्रास मग मासा वरून चांगला दिसत असला तरी होतात. महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलात काही वर्षांपूर्वी असा बांगडा खाऊन मी स्वतः एक संध्याकाळ दवाखान्यात काढली आहे. काकांनी हिस्टामाइन हा शब्द ऐकलेला नसेल, पण उन्हात तासभर उघड्यावर पडलेल्या ढिगाकडे ते वळूनही पाहत नाहीत.

आता तिखल्याविषयी लिहिले पाहिजे, कारण या घरी यावे ते त्यासाठी. बांगड्याचे तिखले हा मालवणी स्वयंपाकातला अगदी साधा पदार्थ आहे आणि साधा असल्यामुळे त्यात काही लपवता येत नाही. काकी बांगड्याचे दोन किंवा तीन आडवे तुकडे करतात, डोके टाकून देत नाहीत. वाटपात बेडगी मिरची, धणे, हळद आणि अगदी मूठभर ओले खोबरे एवढेच असते आणि ते मुद्दाम थोडे रवाळ ठेवलेले असते. हे वाटप, मीठ आणि सोलां (आमसुले) माशाला चोळून तो पसरट भांड्यात लावतात, जेमतेम बुडेल इतके पाणी घालतात आणि मंद आचेवर ठेवतात. उकळी आल्यावर तिरफळे ठेचून आत जातात. तिरफळाची बी आधीच काढून टाकलेली असते, कारण वास असतो तो सालीत, आणि बी राहिली तर कडवटपणा येतो. शेवटी भांडे उतरवले की वरून चमचाभर कच्चे खोबरेल सोडतात आणि झाकण घालतात. फोडणी नाही, कांदा नाही. भांडे चमच्याने ढवळायचे नाही, दोन्ही कानांना धरून हलवायचे, म्हणजे मासा मोडत नाही.

हे तिखले जेवायला बसण्याच्या निदान तासभर आधी झालेले असते आणि ते तसेच असायला हवे. मासा निवत असताना सोलांचा आंबटपणा आत शिरतो आणि वाटप घट्ट होऊन तुकड्याला धरून राहते. ताटात आलेला तुकडा बोटाने दाबला की पाठीकडचे मांस पाकळ्या पाकळ्यांनी सुटते, आणि कण्याजवळ जो काळपट पट्टा असतो, जिथे शिळ्या बांगड्याला पहिल्यांदा वास मारतो, तो पट्टा इथे सगळ्यांत चवदार लागतो. पहिल्या घासाला मिरची जाणवते, मग आंबटपणा, आणि मग जिभेच्या टोकाला तिरफळाची ती झिणझिणी येते जी दुसऱ्या कोणत्याही मसाल्याने येत नाही. तिरफळ चावायचे नसते. ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचे. नवख्या माणसाला हे काकी वाढतानाच सांगतात.

प्रत्येक माशाला वेगळे वाटप, हा या स्वयंपाकघराचा कायदा आहे. किनाऱ्यावरच्या कित्येक हॉटेलांत आता सकाळी एकच लाल रस्सा मोठ्या टोपात उकळून ठेवतात आणि मागणीप्रमाणे त्यात सुरमई, कोळंबी किंवा बांगडा सोडतात. मासा बदलतो, आमटी तीच राहते. इथे तसे कधीच होत नाही, आणि का होत नाही हे काकींनी मला एकदा फार नीट समजावून सांगितले. बांगडा, पेडवे, तारली यांना स्वतःचे तेल आणि उग्र वास असतो, म्हणून त्यांना खोबरे कमी, आंबट जास्त आणि तिरफळ हवेच. सुरमई आणि पापलेट यांची चव सौम्य असते. त्यांना तिरफळ घातले तर मासा हरवतो. त्यांच्या आमटीसाठी खोबरे भरपूर, मिरची बेताची आणि वाटप गंधासारखे मऊ लागते. मोरीची, म्हणजे लहान शार्कची, गोष्ट तिसरीच. मोरीच्या मांसात युरिया असतो आणि मासा जुना होऊ लागला की त्याचा अमोनिया होऊन झणका येतो, म्हणून मोरी एक तर अगदी ताजी हवी, आणि तिला कांदा-खोबरे खरपूस भाजून केलेले, गरम मसाल्याचे मटणासारखे वाटप हवे. थंडीच्या दिवसांत कधीतरी फळ्यावर "मोरीचे मटण" असे लिहिलेले असते. त्या दिवशी भात न घेता तांदळाची भाकरी मागावी.

वाटप पूर्वी हाताने रगड्यावर होत असे. सासूबाईंचा तो रगडा अजून मागच्या पडवीत आहे, पण आता त्याच्या शेजारी विजेवर चालणारा दगडी रगडा बसवला आहे. मिक्सरचे भांडे मात्र आमटीच्या वाटपाला लावत नाहीत, कारण त्याची पाती वेगाने फिरताना खोबरे तापते आणि तेल सुटू लागते. मी घरी दोन्ही प्रकारे करून पाहिले आहे. मिक्सरवरच्या वाटपाची आमटी उकळल्यावर वर तेलाचे थेंब तरंगतात आणि खाली पाणी वेगळे दिसते. दगडावरच्या वाटपाची आमटी शेवटच्या वाटीपर्यंत एकजीव राहते. काकींच्या हातची सुरमईची आमटी तशी असते. रंग केशरीकडे झुकणारा, भातावर घातली की पसरून न जाता दाण्यांना धरून राहणारी.

तो भातही उकड्या तांदळाचा असतो. मागितले तर पांढरा भात मिळतो, पण मागू नये. उकड्याचा दाणा जाड, लालसर आणि थोडा चिवट असतो, त्याला स्वतःचा एक वास असतो, आणि माशाच्या आमटीचा जोर तो सहज पेलतो. शहरातून आलेले पाहुणे पहिल्यांदा हा भात कच्चा राहिला आहे असे समजतात. त्यांनी दोन घास थांबावे.

तळलेल्या माशाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो चांगला असतो. तांदळाचे पीठ आणि थोडा रवा यांचे पातळ आवरण, तव्यावर कमी तेलात, मागणी आल्यावरच. मुडदुशे मिळाले तर सोडू नयेत, एवढी एकच सूचना मी करीन. बोटाएवढा निमुळता मासा, गोडसर पांढरे मांस, आणि काटा सरळ मधून एका ओढीत निघून येतो, त्यामुळे लहान मुलांनाही देता येतो. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला आणि तो त्याला शोभतोही, पण तळलेल्या माशात मला स्वतःला मुडदुशाच्या वर काही लावता येत नाही.

सोलकढीवरून खानावळ ओळखावी असे माझे वडील म्हणत, आणि या बाबतीत मी त्यांचा मुलगा आहे. इथली सोलकढी घरच्या आगळाची असते. एप्रिल-मे महिन्यांत रतांबे (कोकमाची फळे) पिकले की ते फोडून, बिया काढून, मिठात घालून त्यांचा रस काढून ठेवायचा. त्या आगळाच्या बरण्या काकींच्या माळ्यावर वर्षभर पुरतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण याच जिल्ह्यांतल्या कित्येक हॉटेलांत सोलकढी म्हणून जे मिळते त्याचा भडक गुलाबी रंग बिटाचा किंवा पुडीतला असतो. खऱ्या सोलकढीचा रंग फिका असतो, आणि ती ठेवून दिली की नारळाचे दूध वर येऊन खाली गुलाबी पाणी दिसू लागते. म्हणून काकी ती आधी करून ठेवत नाहीत. आगळ वेगळे, पहिले जाड दूध वेगळे, आणि लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर ठेचून तयार. पाच-सहा माणसे बसली की तेवढ्यांपुरती मिसळून आणतात. दुसऱ्या वाटीचे पैसे घेत नाहीत. जेवणाच्या शेवटी थोडा भात राखून त्यावर ही सोलकढी ओतून घ्यावी, बोटांनी कालवावी आणि मगच उठावे.

सोमवारी मासे नसतात. त्या दिवशी गेलात तर काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी मिळते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फणसाच्या कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी किंवा ओल्या काजूची उसळ. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांची बोटे त्याच्या चिकाने कशी सोलवटतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या उसळीची किंमत जास्त वाटणार नाही.

पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण बहुतेक लोक त्या दिवसांत मालवणात जेवायला येत नाहीत आणि माझ्या मते चुकतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. या दिवसांत बाहेरगावच्या शीतगृहांतली मासळी आणून मोठी हॉटेले आपली नेहमीची यादी चालवतात. आमच्या खानावळीचा फळा तेव्हा पूर्णपणे बदलतो. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले खारे बांगडे, गोलमो आणि सुकट बाहेर निघतात. खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून, कुस्करून, त्यात ओले खोबरे, कांदा, मिरची आणि सोलांचे पाणी घालून केलेली किसमूर, सोबत उकड्या तांदळाची पेज आणि बाहेर कौलांवर कोसळणारा पाऊस, असे जेवण मी गेल्या जुलैत जेवलो. खाडीतला मासा कधी मिळतो, कुर्ल्या (खेकडे) मिळतात, आणि पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे कोणी आणून दिले तर तेही फळ्यावर येतात. जुलैच्या शेवटी दहा दिवस खानावळ बंद ठेवून घरची माणसे शेताकडे जातात. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की ती नियमित सुरू होते.

या घराशी माझा जिव्हाळा आहे म्हणून उणिवा न सांगणे योग्य होणार नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझ्या ताटात आलेल्या तिसऱ्यांच्या सुक्यात वाळू होती. एका शिंपलीत असती तर मी बोललो नसतो, पण तिसऱ्या घासालाही दाताखाली कचकन आवाज आला. तिसऱ्या खाडीच्या तळातून काढलेल्या असतात. खारट पाण्यात काही तास ठेवून, पाणी दोन-तीनदा बदलल्याखेरीज त्या आतली वाळू सोडत नाहीत, आणि इथे घाईत ते झालेले नव्हते. मी सांगितल्यावर काकींनी वाटी उचलली, आत जाऊन स्वतः एक शिंपली खाऊन पाहिली, आणि त्या दिवशी ज्यांना ज्यांना तिसऱ्या वाढल्या होत्या त्या सगळ्यांच्या वाट्या परत घेऊन पैसे सोडून दिले. फळ्यावरचे नाव पुसले. वागणूक चोख होती, तरी ते जेवण बिघडले ते बिघडलेच.

कोंबडी-वड्यांबाबतीतही माझे समाधान होत नाही. वडे उत्तम असतात; तांदूळ, उडीद, चणाडाळ, मेथी आणि धणे यांचे प्रमाण नेमके असते, पीठ पुरेसे मुरलेले असते आणि वडा तेलात टाकताच टम्म फुगतो. पण कोंबडी बाजारातली ब्रॉयलर असते, आणि भाजलेल्या वाटपाचा सगळा दिमाख त्या मऊ, बेचव मांसावर वाया जातो. गावठी कोंबडी आदल्या दिवशी सांगितली तर मिळते. तसे सांगणे शक्य नसेल तर वडे मागवावेत आणि ते काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर खावेत. दोन वर्षांपूर्वी काकींच्या मुलाने पर्यटकांच्या आग्रहाखातर फळ्याच्या तळाशी पनीरची भाजी आणि फ्राइड राइस लिहायला सुरुवात केली. तो चांगला, कष्टाळू मुलगा आहे आणि त्याची अडचणही मला समजते, कारण पाच माणसांच्या कुटुंबात एक जण मासे न खाणारा असला की सगळे कुटुंब उठून दुसरीकडे जाते. तरीही या स्वयंपाकघरात भेंडीची भाजी आणि काजूची उसळ इतकी सुरेख होत असताना पनीर कशासाठी, हे मी त्याला विचारले आहे आणि पुन्हा विचारणार आहे.

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत पाऊण तास थांबावे लागते. थांबायला अंगणात आंब्याच्या पारावर जागा आहे, पण उन्हाची वेळ असते आणि वृद्ध माणसांना ते जड जाते. पडवीत पंखे आहेत, वातानुकूलन नाही. हात धुण्याची जागा आणि स्वच्छतागृह मागच्या अंगणात आहे. दोन्ही स्वच्छ असतात, पण तिथे जाणाऱ्या तीन पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या होतात आणि त्यांना कठडा नाही. तो बसवायला हवा, आणि मी तसे काकांना सांगितले आहे.

माझ्या गेल्या भेटीत बांगड्याच्या ताटाला २२० रुपये पडले. त्यात तिखले, एक तळलेला बांगडा, आमटी, भात, दोन भाकऱ्या, एक भाजी आणि सोलकढी होती. सुरमईचे ताट तुकड्याच्या आकाराप्रमाणे ४०० रुपयांच्या आसपास जाते, आणि पापलेटची किंमत त्या दिवशीच्या लिलावावर असल्यामुळे आधी विचारून घ्यावी. विचारल्यावर आत नेऊन मासा दाखवतात. दुपारी साडेबारा ते तीन आणि रात्री साडेसात ते साडेनऊ एवढ्याच वेळेत जेवण असते, आणि दोननंतर गेल्यास फळ्यावरची निम्मी नावे पुसलेली असतात.

गेल्या काही महिन्यांत तिखले काकींच्या सूनबाई करू लागल्या आहेत. काकींचे गुडघे दुखतात, त्यांना चुलीपुढे फार वेळ उभे राहवत नाही. मी हे न कळता जेवलो होतो. दुसऱ्या घासाला काहीतरी वेगळे जाणवले म्हणून थांबलो, आणि वर पाहिले तर दारात दोघी उभ्या होत्या. तिरफळ थोडे कमी होते. बाकी मासा, आंबट, वाटपाचा रवाळपणा सगळे जिथल्या तिथे होते. मी तसे सांगितले. सूनबाईंनी मान हलवली आणि आत गेल्या. काकी म्हणाल्या, "आमच्या सासूनं पण माका पयल्या वर्षी हाच सांगल्यान." पुढच्या खेपेला, साधारण तीन आठवड्यांनी, तिरफळ बरोबर होते.

जाण्याआधी सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान फोन करून काय आले आहे ते विचारता येते. त्या वेळेपर्यंत काका बाजारातून परतलेले असतात आणि फोन तेच घेतात. त्यांनी "आज येव नकात, उद्या येवा" असे सांगितले तर मनाला लावून घेऊ नये. त्या दिवशी खरोखरच काही चांगले मिळालेले नसते.